सोम्या वल्द धोंड्या

"सोम्या वल्द धोंड्या!"

पंचायतीच्या ओट्यावरून कारकुनानं पुकारा केला. वल्द म्हणजे अमक्याचा पोरगा. निजाम गेला, पण हा शब्द काही ऑफिसातून गेला नाई.

चपला काढून ठेवल्या होत्या, तिथून माझा बाप उठला. "जी मालक," म्हणत वाकून ओट्यापाशी आला. साठी उलटलेला माणूस. सरकारनं भूमिहीनायले दिलेल्या जमिनीचं पासबुक त्याले भेटणार होतं. त्याच्याआधी पटेलाचा, त्याच्या जुन्या जमिनीच्या पासबुकासाठी, पुकारा झाला होता. "दत्तात्रयराव पटेल, या जी, बसा." माझ्या बापाले कोणी बस म्हणलं नाई.

मी माझ्या ऑफिसातल्या साहेबाच्या जीपपाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, खिशाले पेन. नव्वदनंतरची गोष्ट. आदिलाबादच्या सरकारी ऑफिसात कॉम्प्युटर नवाच आला होता, अन् जमिनीच्या नोंदीचा प्रोग्राम मी सांभाळत होतो. नावं कारकून टाकायचे, पासबुकं माझ्या प्रोग्राममधून निघायची. साहेबानं मले मोठ्या कौतुकानं वांकिडीकडं, माझ्याच गावात आणलं होतं.

बाप पासबुक घेऊन माझ्या बाजूनं गेला. पाहिलं नाई त्यानं माझ्याकडं. चार लोकांत पोराची इज्जत जाईल म्हणून ओळख दाखवली नाई. आग लागो त्या इज्जतीले!

माझ्या बापाचं नाव सोमाजी. विहारात वंदना तोच सांगे, अन् सगळे त्याले सोमाजीबाबा म्हणत. घरी गेल्यावर म्हणलं, "बा, कारकुनानं सोम्या काऊन लिवलं?"

"त्यानं इचारलं, नाव काय. माह्या तोंडातून सोम्याच निंगालं."

"सोमाजी काऊन नाई सांगितलं?"

बाप पासबुकावरून हात फिरवत राह्यला. मग म्हणे, "त्यानं इचारलं असतं, कोन सोमाजी?"

मी जेवलो नाई त्या दिवशी. मायनं ताट झाकून ठेवलं.

आदिलाबादले येऊन मी कॉम्प्युटरवर एकेक गाव काढलं. आमच्या वाड्यात, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत, लक्ष्या, म्हाद्या, गंगी, चंद्री. पटेलाच्या आळीत राव अन् बाई. तेलुगू गावांत तेच, फक्त नावाचं शेपूट त्यायच्या भाषेतलं. इतके दिवस हेच पडद्यावरून सरकत होतं अन् मी फक्त प्रोग्राम बरोबर चालून राह्यला का ते पाहत होतो.

साहेबाले सांगितलं. साहेब हसले. "रिकार्ड में जो है, वोइच रहता. तेरे बाप ने खुद बोला ना सोम्या? फिर तेरे को कायकू मिर्ची लगरी?"

दुसऱ्या दिवशी भर ऑफिसात साहेबाची हाक आली, "ऐ सोम्या के! चाय बोल सबको."

सगळे हसले. अन् मी उठलो. गेलो, चहा सांगून आलो. माझे पाय माझ्या बापासारखेच उठले, हे मले टपरीवर गेल्यावर कळलं.

ती हाक पाठ सोडेना. बसमध्ये, बाजारात, जेवताना. प्रिंटर करकरला की वाटे, आतमध्ये कोणी नावं घेऊन राह्यलं. मेलेल्या आजाचंही, धोंड्या, धोंड्या.

मग ऑर्डर आली. जिल्ह्याच्या सगळ्या नोंदी हैदराबादच्या मोठ्या मशीनवर जाणार. साहेब म्हणाले, "जैसा है वैसा भेज दो." कागदाले निदान वाळवी लागते. मशीनमधलं नाव मरत नाई. माझ्या बापाचा नातू, पणतू, सगळे सोम्याचेच राहतील.

सुट्टी टाकली. नाव दुरुस्तीचे अर्ज घेऊन गावात गेलो, दारोदार बसलो. एका म्हातारीले विचारलं, "माय, तुमचं नाव काय?"

"गंगी."

"पुरं नाव सांगा."

ती इकडं तिकडं पाहू लागली. घरात दुसरं कोणी नव्हतं. हळूच म्हणे, "गंगूबाई म्हणलं तं चालते का, बापू?"

मले विचारून राह्यली होती! आपल्या नावाची परवानगी, माझ्या मायच्या वयाची बाई, मले. मी तिच्या अंगणात ढसाढसा रडलो. अन् उठलो तेव्हा माझी भीती मेली होती.

अर्जांचा गठ्ठा साहेबाच्या टेबलावर ठेवला. सगळं ऑफिस पाहून राह्यलं होतं.

"नाम बदलने की मंजूरी किसने दी?"

तोवर मी साहेबासंग हिंदीतच बोलायचो. त्या दिवशी मराठीतच तोंड उघडलं. "नाव तोडायची मंजुरी कोणं देल्ली होती?"

"नौकरी जाती तेरी."

"जाऊ द्या. हे नावं माझ्या हातानं पुढं जाणार नाईत."

साहेबानं गठ्ठा खाली ढकलला. मी उचलला, बगलेत मारला, अन् अजून अर्ज भराले तामसी गावाची बस धरली. तिथंही वाडा आहे. तिथंही कोणी दारात उभं राहून आपलं अर्धंच नाव सांगून राह्यलं असंल. पुरं नाव तोंडातून निघेस्तोवर मी त्या दारातून उठणार नाई.