माझ्या हातांचे श्रेय जपानला देणाऱ्यांस

‘जपानमधील विख्यात कला महाविद्यालयात कठोर शिस्तीचे धडे गिरवून त्यांनी मातीकामाची विद्या आत्मसात केली आणि ती आपल्या डिचोलीच्या भूमीत आणली.’

बाहेरचे लोक तळे पाहून निघून जातात, त्या डिचोलीतल्या आमच्या मये गावात गणपतीच्या मूर्ती घडवणारी चित्रशाळा आहे. तिच्या नूतनीकरणासाठी नेमलेल्या समितीने स्मरणिकेत माझ्याविषयी हे वाक्य छापले. आता तेच दगडावर कोरून चित्रशाळेच्या दारावर बसवायचे ठरले आहे. कागदाला निदान वाळवी लागते. दगड खोटे बोलू लागला की पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहतो. म्हणून ऐंशी उलटल्यावर मला हे लिहावे लागत आहे.

आधी त्या ‘कठोर शिस्ती’चा समाचार घेतो. ते महाविद्यालय महायुद्धानंतर, बेचिराख झालेल्या एका उपनगरात, सरकारी कलाशाळेचा राजीनामा दिलेल्या पाच-सहा चित्रकारांनी उभारले. युद्धकाळात त्यांना हुकुमाबरहुकूम विजयाची चित्रे रंगवावी लागली होती. पुन्हा कोणाच्या आज्ञेने कुंचला उचलायचा नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती आणि तोच त्या संस्थेचा पाया. मी गेलो तेव्हाही वर्ग लाकडी पडव्यांतच भरत. गुण देण्याची पद्धत नव्हती. सकाळी शिक्षक आमच्याबरोबर झाडू मारीत. आज्ञापालनाची सवय असेल तर ती आधी विसरा, असे पहिल्याच दिवशी आम्हाला बजावण्यात आले होते. जपानी म्हटले की आमच्या समितीला रांगेत उभी माणसेच दिसतात, त्याला मी काय करावे?

प्रवेशाच्या वेळी एका वृद्ध शिक्षकाने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि खुणेनेच सांगितले, जे येते ते काढ. मी गणपतीचे डोळे आखले, कुंचला न उचलता. त्याने विचारले, कोणाकडे शिकलास? मी म्हणालो, वडिलांकडे. तो उठून उभा राहिला आणि वाकला. माझ्यासमोर नव्हे, कधी न पाहिलेल्या माझ्या वडिलांसमोर. परदेशातल्या माणसाला जे क्षणात कळले, ते आमच्या गावच्या समितीला चार बैठका घेऊनही कळू नये!

माझे वडील आयुष्यभर त्याच चित्रशाळेत बसले. चतुर्थी जवळ आली की घरोघरचे लाकडी पाट तिथे येत. कोणत्याही पाटावर चिठ्ठी नसे, तरी कोणता पाट कोणत्या घरचा हे त्यांना नुसत्या कडांवरून कळे. ज्या घरचा पाट, त्याच पाटावर त्या घरचा गणपती. साच्याला त्यांनी कधी हात लावला नाही. सोंड वळवताना श्वास रोखायचा, हे त्यांनी मला पाठीवर थाप मारून शिकवले. मूर्तीवर त्यांनी आपले नाव कधी घातले नाही. म्हणून ते दगडावरूनही गाळावे काय?

हा प्रश्न घेऊन मी समितीच्या सचिवाकडे गेलो. निवृत्त मुख्याध्यापक आहे; एके काळी माझ्याकडेच चित्रकला शिकला.

“काका, तुमचोच मान वाडयला न्ही आमी?” तो म्हणाला. “जपान म्हटल्यार भायलो मनीस उबो रावता. मयें म्हटल्यार तळें पळयता आनी वता.”

“आनी म्हज्या बापायन कितें केलें?”

“तांकां आभारांत घातल्यात मरे.”

मी स्मरणिका उघडून पाहिली. घातले होते खरे. मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्यामध्ये.

“तुमच्या घरचो गणपती इतलीं वर्सां कोणे केलो रे? जपानान?”

त्याने माझ्या हातातली स्मरणिका घेऊन मिटली. मग मुख्याध्यापकाच्या सुरात म्हणाला, “तें खरें, काका. पूण चार वर्सां तुमी जपानांत रावले आनी थंय माती शिकले नात, हें कोण पातयेतलो? पुरावो दियात. आयजूच फातर बदलतां.”

पुरावा मी स्मरणिकेच्या सर्व वाचकांसमोर देतो. महाविद्यालयाची त्या वर्षांची अभ्यासक्रम-पुस्तिका माझ्याजवळ आहे; ज्याला हवी त्याने येऊन पाहावी. मी तिथे लाकडी ठशांची छपाई शिकलो, कारण माती मला तिथे शिकताच आली नसती: त्या महाविद्यालयात मातीकामाचा वर्गच नव्हता.