डंपरच्या मागे उभा असलेला माणूस

मंडळी, आज दिवसभर मी डंपर चालवतोय. खोटा. सिन्नरच्या एका ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरसाठी गेम इंजिनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, डंपर शिकायचा सिम्युलेटर बनवतोय, गंगापूर रोडच्या फ्लॅटवर, एकटाच.

दुपारी सेंटरवाल्या भाऊंची व्हॉइस नोट आली. "गाडी लय भारी झाली, सर. पण मागं घेताना कुणी आवाजच देत नाय. भुताच्या साईटवर आल्यासारखं वाटतं."

खरंच की! मी उत्तरादाखल अंगठा पाठवला. डंपरच्या मागे पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस उभा केला आणि त्याच्यासाठी माझाच आवाज रेकॉर्ड करायला बसलो.

"येऊ द्या" म्हणायला गेलो, तर घशातून नुसती खरखर. तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून मी तोंडच उघडलं नव्हतं.

पाणी पिऊन पुन्हा केलं. "येऊ द्या, येऊ द्या, जागा आहे... बास!" मस्त झालं.

काम कधीच संपलंय. तरी मी मघापासून डंपर पुढे नेतोय आणि परत मागे घेतोय. तो माणूस कंटाळत नाही. दर वेळी हात हलवून सांगतो, "येऊ द्या, जागा आहे."

तुम्हाला आज असं कोणी म्हणालं का?