उजवीकडचा आधी, उतारावरचा मागे

परदेशातून कुणी परतलं की आमच्या चाकणच्या कंपनीत त्याची चॉकलेटं पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये संपतात. किस्से मात्र संपत नाहीत, दर चहाला एखादा वाढतोच. आमच्या जर्मनी-इटलीच्या ट्रिपचं तसंच झालंय. लोक पोट धरून हसतात. आम्ही तिघंही हसतो, पण तळहाताला अजून घाम सुटतो!

तिघं म्हणजे मी, मशीन दुरुस्त करणारा, राहणार मोशी. माझा जोडीदार भालेराव, मूळचा लातूरकडचा. आणि आमच्या इन्चार्ज सुवर्णामॅडम, चिंचवडच्या. दोन्ही देशांतल्या कारखान्यांत आमची मशीनं बसली होती, भाड्याच्या गाडीनं फिरून ती बघायची होती. स्टिअरिंग भालेरावकडं. "चाकण चौकातून संध्याकाळची गाडी काढतो मी. युरोपचं काय सांगता, मॅडम!"

*

जर्मनीतल्या एका गावातून सरळ रस्त्यानं चाललो होतो. उजवीकडच्या बारक्या गल्लीतून एक म्हातारी बाई गाडी घेऊन थेट आमच्यासमोर आली. थांबणं नाही, काही नाही! भालेरावनं ब्रेकवर उभं राहावं तसा ब्रेक दाबला. आमचा बंपर आणि तिचं दार यांच्यात वीतभर जागा उरली.

बाई उतरल्या. आम्हाला वाटलं, आता सॉरी म्हणणार. त्यांनी इंग्रजीत शांतपणे समजावलं, "बोर्ड नसेल तिथं उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं."

"अहो, पण मेल्या असता की तुम्ही!" भालेराव मराठीतच ओरडला. मॅडमनी भाषांतर केलं.

"हो," बाई म्हणाल्या, "पण चूक तुमची असती."

*

तिथल्या हायवेवर काही भागांत वेगाला मर्यादाच नाही. ट्रकला मागं टाकायला आम्ही डावीकडच्या लेनला गेलो. आरशात एक ठिपका दिसला.

"भालेराव, मागं काहीतरी येतंय."

"लांब हाय की, मॅ..."

'डम' म्हणेपर्यंत मागची काच हेडलाइटनं भरून गेली! भालेराव कसाबसा उजवीकडं सरकला. काहीतरी शेजारून गेलं आणि आमची गाडी हलली.

"ड्रायव्हर दिसला का रे?" मी विचारलं.

"ड्रायव्हर सोड, मला गाडीचा रंग दिसला न्हाई."

*

एकदा पुढं अपघात झाला आणि ट्रॅफिक थांबलं. सगळ्या गाड्या दोन्ही कडांना सरकल्या, मधोमध मोकळी वाट पडली. भालेरावचा चेहरा खुलला. "एवढी जागा, आन् एकालाबी घुसायची अक्कल न्हाई?" मॅडम "नको" म्हणेपर्यंत त्यानं गाडी मधे घातली.

तेवढ्यात मागून सायरन. अँब्युलन्स! ती वाट तिच्यासाठीच सोडली होती.

आता बाजूला शिरायला फट नाही. कुणी हॉर्न मारला नाही, कुणी ओरडलं नाही. प्रत्येक काचेतून नुसते चेहरे आमच्याकडं बघत होते. पुढं जो कुणी पडलाय तो आमच्यामुळं गेला तर? शेवटी दोन ट्रकवाल्यांनी पुढंमागं होऊन आम्हाला आत घेतलं. अँब्युलन्स सुसाट निघून गेली.

मग भालेराव हळूच म्हणाला, "एकानं तरी शिवी द्यायची होती राव. बरं वाटलं असतं."

*

परत आल्यावरचं माझं सांगतो. सकाळी बाइक काढली, मोशीतल्या गल्लीतून मेन रोडला वळलो आणि तिकडं रोज गाडीत बसून लागलेल्या सवयीनं उजव्या बाजूला लागलो. समोरून कंटेनर! त्याच्या ब्रेकचा तो फुस्स आवाज अजून कानात आहे. मी जागेवरच थांबलो.

मागून हॉर्न वाजला. वळून बघतो तर माझ्यामागं उलट्या बाजूनं निघालेल्या दुचाक्यांची रांग! रांगेतले पहिले आजोबा वैतागून म्हणाले, "थांबला का रं? चल की, आमी खोळंबलोय!"

*

आणि हो, इटली राहिलीच. जर्मनीत मर्यादा नाही याची भीती, तर इटलीत मर्यादा आहे आणि ती फक्त आम्हीच पाळतोय याची! जर्मनीत उगाच हॉर्न वाजवायचा नाही, इथल्या घाटात आंधळ्या वळणावर वाजवायलाच हवा. भालेराव खुशीत हॉर्न वाजवत घाट उतरत होता.

एका वळणावर समोर बस. ती चढणीला, आम्ही उताराला. रस्ता जेमतेम बसपुरता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, दरीकडं गुडघाभर दगडी कठडा, तोही मधूनच तुटलेला. बसवाल्यानं हातानं खूण केली: मागं जा. तिथला नियमच तसा. उतरणाऱ्यानं रिव्हर्स घ्यायचा.

भालेरावनं मागं वळून बघितलं. "मॅडम, मला न्हाई जमायचं. मागचं काईच दिसंना. सेन्सर नुसता बोंबलतोय."

मॅडम उतरल्या आणि मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी खाली उतरायला निघालो तर भालेरावनं माझी बाही धरली, "तू बस. एकट्याला भ्या वाटतंय."

मग मागून मॅडमचा खणखणीत आवाज आला. "येऊ दे... येऊ दे... सावकाश. डावीकडं घे. अजून. येऊ दे..."

भालेराव त्या आवाजावर इंच इंच मागं जात होता. एकदा चाकाखालून खडी निसटली. ती खाली कुठं पडल्याचा आवाजच आला नाही. मी देवाचं नाव घ्यायला गेलो, तर एकाही देवाचं आठवेना. "येऊ दे..." मॅडमचा आवाज काही थांबला नाही.

वळणापाशी रुंद जागा मिळाली. बस घासून निघून गेली, आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम येऊन मागच्या सीटवर बसल्या. भालेरावची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात, मी एकेक करून सोडवली.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी होता म्हणून वाचलो. पण तुमी उभ्या कुठं होता?"

"दरीच्या बाजूला."

"तिकडं तर कठडाच न्हवता! खाली बघून भ्या न्हाई वाटलं?"

"खाली कोण बघतंय!" मॅडम म्हणाल्या. "मी पहिल्यापासून डोळे मिटूनच ओरडत होते."