शीतलची मोटर खाली का गेली

शीतलच्या पेपरवर पाचपैकी शून्य लिहिलं, तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. सहावीतली सगळ्यात हुशार पोरगी, आणि (−२०) + (+५) चं उत्तर −२५! पुढच्या चारही गणितांत तीच तऱ्हा.

झरीजवळच्या एका गावात मी गणित शिकवते. यंदाची गणित स्पर्धा मानवतला होती. शाळेतून दोघंच जाणार होते, आणि ते या पेपरवरून ठरणार होते. शीतल महिनाभर त्याच आशेवर होती.

धन संख्या म्हणजे शून्याच्या वरच्या, ऋण म्हणजे खालच्या. पुस्तकातली आडवी संख्यारेषा पोरांच्या डोक्यावरून जाते, म्हणून मी फळ्यावर विहीर काढली होती. काठ म्हणजे शून्य. मोटर वीस फूट खाली, म्हणजे उणे वीस. त्यात अधिक पाच केले तर? उदाहरण सुचलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

दोन नावं मुख्याध्यापकांकडे दिली. दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना शीतलला उभं केलं.

"लक्ष कुठं होतं तुझं?"

"मॅडम, बरोबरच हाय की."

"पाच मिळवल्यावर मोटर आणखी खाली कशी जाईल गं?"

"पाच फुटाचं पाइप जोडलं की खालीच जाती ना! उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आमी तसंच करतो."

मागच्या बाकांवरच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. शहरात वाढलेली मी, विहिरीत कधी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मोटर वर ओढली की अधिक आणि खाली सोडली की उणे, हे मी सांगितलंच नव्हतं. पाइप जोडणं म्हणजे उणे पाच मिळवणं. त्या हिशोबानं तिचं उत्तर चोख होतं.

तेवढं एक वाक्य सांगितलं. तिनं पेपर पालथा करून पाचही गणितं तिथंच सोडवली. सगळी बरोबर.

तशीच ऑफिसात गेले.

"सर, यादीतलं एक नाव बदलायचंय."

"यादी सकाळीच गेली की मॅडम. तुमी कालच बोलायचं होतं."

"फोन तरी करून बघा."

त्यांनी केला. तिकडून नाही म्हणाले.

वर्गात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती. फार वाईट वाटत होतं. शीतलच्या पेपरवर माझ्याच पाच प्रश्नांतल्या अधिकच्या जागी लाल पेननं उणे लिहिलं. मग तिच्या जुन्या उत्तरांवर पाच बरोबरच्या खुणा केल्या आणि शून्य खोडून पाच लिहिले.

तिनं ते सगळं वाचलं. "मग मानवतला जायचं का मी?"

"नाही गं."

तिनं पेपरची घडी घातली आणि दप्तरात ठेवली.

विहिरीचं उदाहरण मी अजूनही देते. फक्त आधी विचारते, तुमच्याकडे मोटर कशी सोडतात? ते ऐकून घेते, मगच खडू उचलते.