कापलेल्या वेणीचा शॅम्पू

वेणी टेबलावर ठेवून ती म्हणाली, “मॅडम, हिला कोणता शॅम्पू चालेल?”

मी दचकलेच. सर्जापूर रोडवरच्या माझ्या हेअर क्लिनिकमध्ये लोक डोक्यासकट केस घेऊन येतात. ही नुसतीच वेणी होती. काळीभोर, तेलानं चपचपीत.

“आईची आहे,” ती म्हणाली. वैदेही तिचं नाव. पुण्याची, आयटीतली, वडिलांना घेऊन इथे राहणारी. “कीमोच्या आधी मीच कापली. आई गेली. मी ही वेणी सोडते, धुते, डब्यात ठेवते. काही दिवसांनी बघावं तर परत तेलकट. आणि परत घातलेली.”

तिनं शॅम्पूमागून शॅम्पू बदलले होते, दरवेळी आधीच्यापेक्षा कडक. शेवटचा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेलं सगळं खरवडून काढणारा. केस तुटायला लागले होते. अगं, भांडी आहेत का ही घासायला? मला रागच आला.

“हे बघ,” मी म्हटलं, “तेल केसाला सुटत नाही, टाळूला सुटतं. म्हणून शॅम्पू टाळू बघून घ्यायचा. तेलकट टाळूला जरा कडक, कोरडीला माइल्ड. कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना सल्फेटवाला, म्हणजे खूप फेस करून कोरडं करणारा, नको. हिला तर टाळूच नाही. तेल येणार कुठून?”

“तेच तर विचारायला आलेय!” ती म्हणाली. “वेणी कापलेली आईला अजिबात आवडली नव्हती. मला भीती वाटते त्या घरात. ही नदीत सोडते, बाबांना भावाकडे पाठवते आणि फ्लॅट रिकामा करते.”

मी वास घेतला. खोबरेल. “हे बाटलीतलं तेल आहे. घरी कोण असतं?”

“फक्त बाबा. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात हलत नाही. चमचा धरता येत नाही, वेणी कशी घालतील?”

“सरी, स्वल्प थांब,” मी इथल्या सवयीनं अर्ध्या कानडीत म्हटलं, म्हणजे बरं, जरा थांब. मी स्वतः वेणी धुतली आणि मोकळी करून तिला दिली. दोन दिवसांनी, दुपारी, न कळवता आम्ही तिच्या घरी गेलो.

तिनं किल्लीनं हळूच दार उघडलं. आतून आवाज आला, “मान सरळ ठेव गं, शालू.”

शालू म्हणजे वैदेहीची आई.

बाबा पलंगावर पाठमोरे बसले होते. केसांचं बांधलेलं टोक पलंगाच्या कठड्याला अडकवलेलं. त्यांचे हात चालत होते. दोन्ही हात. उजवा तर झरझर पेड उचलत होता, आणि मधेच थांबून समोरच्या रिकाम्या जागेत कुणाची तरी कानामागची बट सारखी करत होता.

“बाबा!” वैदेही किंचाळली.

हात तिथल्या तिथे गळून पडला. बाबांनी आमच्याकडे बघितलं, मग त्या हाताकडे. ते आमच्याइतकेच घाबरले होते. “मी नाही गं,” ते म्हणाले.

वैदेही त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. आईचा खांदा आखडला तेव्हापासून तेल लावून तिची वेणी बाबाच घालायचे, हे तिनं मला हुंदके देत सांगितलं. हात गेला म्हणून तिनं त्यांचा विचारच केला नव्हता.

फिजिओथेरपिस्टनं पुढे खूप खटपट केली. त्याच्यासमोर तो हात हलला नाही. वेणी हातात दिली तरी नाही. असं का, ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगते, खोलात शिरायची हिंमतही नाही. वैदेही मात्र त्याच फ्लॅटमध्ये राहते आहे, आणि बाबाही.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. “मग शॅम्पू कोणता, मॅडम?”

“माइल्ड. महिन्यातून एकदा. वरून कंडिशनर,” मी म्हटलं. “आणि घरात शिरण्याआधी बेल वाजवत जा. त्यांची वेणी पुरी होऊ दे.”