मावशींनी दिलेला डाग

बंद पडलेल्या वस्तूला पोटच्या पोरासारखं रागावणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघाली. लग्नानंतर त्यांनी आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा आहेर म्हणून आमच्या घरून एक नवाकोरा मिक्सर गेला होता. पानं वाढून झाली, उदबत्ती लागली, आणि यजमानीणबाई स्वयंपाकघरात त्या मिक्सरचं पोट उघडून बसलेल्या. "अहो मावशी, चालत होता तो," मी न राहवून म्हणालो. "म्हणून तर बघतेय, जावईबापू," त्या मान वर न करता म्हणाल्या. "बिघडलेल्याच्या आत सगळेच डोकावतात. चालणाऱ्याची चौकशी कोण करतं?" आमटी निवली, पण मिक्सरमध्ये एक ढिला स्क्रू सापडला. पुढे कितीतरी दिवस त्या तो स्क्रू आल्यागेल्याला दाखवत होत्या.

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. नगरला सावेडीत त्यांचा छोटा बंगला आहे, त्याला गॅरेज आहे आणि गॅरेजात गाडी कधीच नव्हती. तिथे दर रविवारी सकाळी त्यांचं वाचन-दुरुस्ती मंडळ भरतं. एकानं पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकत ऐकत आपापली बिघडलेली वस्तू उघडायची, एवढाच नियम. सभासद त्या कुठूनही धरून आणत. कोर्टात टायपिंग करणारे शेखभाई एकदा भाजीवाल्यापाशी मोबाईलच्या चार्जरची तुटकी वायर दाताने सोलत उभे होते. मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवून त्यांना जागच्या जागी फैलावर घेतलं, आणि पुढच्या रविवारी शेखभाई चार्जर घेऊन गॅरेजात हजर. ते अजून येतात. वायर मात्र आता दाताने सोलत नाहीत.

वाचन आणि दुरुस्ती यांचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं होतं. मावशींनी नुसता उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. वयानं आलेलं ते दुखणं. मग त्या वाचणाऱ्याला म्हणाल्या, "चालू करा." चार ओळी वाचून झाल्या असतील-नसतील, मावशींनी सोल्डरिंगची तापलेली कांडी उचलली आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी अचूक डाग दिला. "कान गुंतला की हात त्याच्या कामाला लागतो," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना हे पटत नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वाचायचं काम होतं सरांकडे. सर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त मराठीचे शिक्षक. घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांची स्वरपेटीच काढावी लागली. तेव्हापासून ते एक लहान टॉर्चएवढं यंत्र गळ्याशी धरून बटण दाबत आणि ओठ हलवत. मग त्या यंत्राच्या घरघरीतून शब्द उमटत. मावशींनी त्यांना पहिल्यांदा आणून पुस्तक हातात दिलं, तेव्हा आम्ही सगळे खाली बघू लागलो. चढ नाही, उतार नाही, सगळं एका सुरात. सरही पानभर वाचून थांबले. मावशी मात्र खूश. "सूर नसला म्हणून काय झालं? स्वल्पविराम ऐकलेत का? एक चुकला नाही!" त्या दिवसापासून मंडळाचा आवाज तोच झाला. पुढेपुढे आम्हाला तो यंत्राचा वाटेनासाच झाला.

अशाच एका रविवारी सर रिक्षातून उतरले ते घाईघाईनं, चप्पल अर्धी पायात. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि हाताशी आलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'पायरीवर पडलं. बोलत नाही.' आम्ही काही विचारणार तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सरांनी तो माझ्यासमोर धरला. पुणतांब्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन होता.

"नानाला घिऊन या लवकर," तो म्हणाला. "तात्यांचं काय खरं न्हाई. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. रातीपासून एकच चाललंय, नानाशी बोलायचं हाय, नानाशी बोलायचं हाय."

तात्या म्हणजे सरांचे थोरले भाऊ. सरांना घरात नाना म्हणत. मी निरोप सांगितला, गाडी काढतो म्हणालो. सरांनी मान हलवली आणि पुन्हा लिहिलं, 'तात्यांना दिसत नाही. चार-पाच वर्षं झाली. जाऊन मी काय करू?' शेवटच्या शब्दाशी पेन्सिलीचं टोक मोडलं.

मावशींनी यंत्र उचललं. सेल बदलून पाहिला. काही नाही. मग त्यांनी ते उघडलं. आत अंगठीएवढं वेटोळं, आणि त्यातून निघालेली केसासारखी तांब्याची तार टोकाशी तुटलेली. चिमट्यानं ती सरळ करायला गेल्या, तर तेवढ्यानंही आणखी एक तुकडा गळून पडला. आता वेटोळ्याबाहेर उरली ती तांदळाच्या दाण्याएवढी. तीही तुटली असती तर मग डाग द्यायला तारच नव्हती. मावशींचा हात थरथरायला लागला. एरवी थरथरायचा त्याहून जास्त.

"मावशी, राहू द्या," शेखभाई हलकेच म्हणाले. "कंपनीतून नवीन मागवू."

"नवीन येईपर्यंत त्यांचे तात्या थांबतील, असं लिहून देता?"

"मग माझ्याकडे द्या, मी करतो."

"तुमचा हात माझ्यापेक्षा जास्त हलतोय, शेखभाई. बघा जरा."

खरंच हलत होता. मावशींनी कांडी तापत ठेवली, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, वाचा."

मी समोर पडलेलं पुस्तक उचललं. जुन्या विहिरी कशा बांधत, याबद्दलचं होतं. मी भरधाव सुटलो. "अहो, पाठीमागे कोणी लागलंय का?" मावशी ओरडल्या. "नीट वाचा. मला ऐकू आलं पाहिजे." मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरलो. तेव्हा सर उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जिथे थांबायचं तिथे बोटांनी दाबू लागले. स्वल्पविरामाला हलकेच, पूर्णविरामाला जरा जोरात. ज्याचा आवाज त्या टेबलावर सुटा होऊन पडला होता, तो माणूस मला वाचायला शिकवत होता. मी विहिरीच्या एकेका पायरीनं खाली उतरत गेलो. समोर बघायची छाती नव्हती. मावशी तारेवरचा लेप पात्यानं खरवडत होत्या, त्याची बारीक करकर तेवढी ऐकू येत होती. मग धुराचा वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाचतच होतो.

"झालं," मावशी म्हणाल्या.

सरांनी यंत्र गळ्याशी धरून बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. मावशी खुर्चीत मागे टेकल्या आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. शेखभाईंनी वाकून यंत्र बघितलं, खालचं झाकण उघडलं आणि चोरट्या आवाजात म्हणाले, "मावशी, सेल उलटा टाकलाय."

सेल सुलटा केला. घर्र झालं. सरांनी ओठ हलवले, आणि त्यांचं पहिलं वाक्य माझ्यासाठी होतं, "शेवटचा पूर्णविराम खाल्लात तुम्ही."

आम्ही हसलो, पण हसायला वेळ नव्हता. मावशी हातातली कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत टाकून गाडीत बसल्यासुद्धा. "डाग कच्चा आहे," त्या मला कुजबुजत म्हणाल्या. "धक्का बसला तर सुटेल. सरांना सांगू नका." राहुरीच्या पुढे रस्ता उखडलेला, त्यात उसाच्या ट्रॉल्या. खड्डा आला की मी गाडी जवळजवळ थांबवत होतो. मावशींनी यंत्र पदरात गुंडाळून दोन्ही तळहातांवर तोलून धरलं होतं, आणि गाडी वाकेल तशा त्याही वाकत होत्या. सर खिडकीबाहेर बघत होते. जेवणाची आठवण कोणाला नव्हती. वाटेत कोणीही, "लावून बघा बरं," असं म्हणालं नाही.

पुणतांब्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ओटीवर माणसं बसलेली. पुतण्यानं सरांना हाताला धरून आत नेलं. तात्या खाटेवर, अंगात हाडांशिवाय काही नाही, डोळे उघडे आणि कुठेच न लागलेले. मावशींनी पदर सोडून यंत्र सरांच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सरांनी ते गळ्याशी नेलं. त्यांचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता.

मग घरघर झाली. "तात्या. मी आलोय."

खोलीतली एक बाई दचकून मागे सरली. तात्यांनी मान वळवली. "नाना?" हात चाचपडत आला, सरांनी तो धरला. तात्या थोडा वेळ श्वास गोळा करत राहिले. रात्रीपासून ज्यासाठी सगळ्यांना जागवलं, ते आता सांगतील म्हणून ओटीवरची माणसंही दाराशी आली.

"जेवला का?" तात्यांनी विचारलं.

"जेवलो," सर म्हणाले.

तात्यांच्या ओठांच्या कडेला सुरकुती पडली. "खोटं बोलतो. लहानपणापून तसाच हाय. मशिनीतनं बी कळतंय मला." मग सुनेला हाक मारली, "भाकरी टाक गं. लांबनं आलाय."

तात्या त्याच आठवड्यात गेले. शेवटी ते काही वेगळं बोलले का, कोणाला काही सांगायचं होतं का, हे सरांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. भाकरी खाऊन मावशी आणि मी ओट्यावर बसलो होतो. गोदावरीच्या बाजूनं वारा सुटला होता. आतून सरांची घरघर येत होती, मधेच तात्यांचा हुंकार. काही वेळानं हुंकार यायचे थांबले. मी उठून डोकावलो. तात्या भावाचा हात धरून शांत झोपले होते आणि सर त्यांच्या कानाशी वाकून सावकाश बोलत होते, शाळेबद्दल, शेताबद्दल, कुठल्याशा बैलाबद्दल.

"तात्या झोपलेत," मी बाहेर येऊन म्हणालो. "आता निघायला हवं. सांगू का सरांना?"

मावशींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बोलू देत," त्या म्हणाल्या. "सेल नवा आहे."