ताई तेव्हा हसली होती

ताईला गादी हे नाव दुसऱ्या कोणी ठेवलेलं नाही, तिनेच ठेवलं. दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला होती. तिथे तिची जोडीदारीण इतकी वाळकी की तिला सगळ्या काडी म्हणायच्या. आणि ताई अशी भरलेली, गोल. नवीन बाई कामावर आली की ताईच ओळख करून द्यायची, "ही काडी आणि मी गादी. आम्हाला जवळजवळ ठेवू नका गं, आग लागेल."

मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघी लागतात. एकीने इकडची टोकं धरायची, दुसरीने तिकडची, ताणून एक झटका द्यायचा आणि मग चालत जवळ यायचं. दिवसभर तेच. ताई आणि काडी वर्षानुवर्षं एकमेकींकडे तोंड करून उभ्या. नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल इतकं एकमेकींचं बघितलं.

आता लोकांना वाटतं लाँड्री म्हणजे साबणाचा फेस. तसं नसतं ते. ऑपरेशनच्या चादरी येतात, रक्त वाळून कडक झालेल्या. काय काय येतं ते जेवताना सांगण्यासारखं नाही. एकदा उशीच्या अभ्र्यातून कोणाची तरी कवळी निघाली. ताईने ती चिमट्यात धरली आणि म्हणाली, "बाळा, कोणाला चावून आलास?" बायका हसून हसून खाली बसल्या. असं हसलं नाही तर ते काम होत नाही हो. नाक फाटतं, जीव विटतो.

ताईचं एक होतं. ती घाबरली की जास्त बोलायची. आनंदात असली की उलट गप्प, आणि भीती वाटली की तोंडाचा पट्टा सुरू. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा ताईने तिच्या उशाशी बसून इतके विनोद केले की शेजारची बाई म्हणाली, काय ही पोरगी, काळीज आहे की दगड. घरच्यांना माहीत होतं. बाहेरच्यांना वाटायचं, हिला कशाचंच काही नाही.

मग तो सुपरवायझर आला. इस्त्रीचा शर्ट, पायात आवाज न करणारे बूट. ड्रायरची दारं आणि भिंत यांच्यामध्ये चिंचोळी वाट आहे. पलीकडून चांगला रुंद रस्ता असताना हा माणूस नेमका तिथून जायचा, कोणी बाई तिथे वाकलेली असली की. पोरी जागा बदलून घ्यायच्या. ही म्हणायची माझी पाठ दुखते, ती म्हणायची मला वाफ सोसत नाही. खरं कारण कोणी बोलायचं नाही. शेवटी ताईच म्हणाली, "व्हा बाजूला, मी उभी राहते तिथे. मला कोण बघतंय?"

त्या दिवशी ताई ड्रायरमधून चादरी ओढत होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. हा मागून आला आणि दोन्ही हातांनी तिची छाती धरली. धक्का लागला असं नाही. धरली, आणि सोडेना. ताई नंतर सांगायची, माझं डोकं मशीनमध्ये होतं, आत गरम हवा, मला वाटलं आता श्वास येत नाही. मग तिने कसंबसं डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो साहेब, मळकी कापडं त्या ढिगात आहेत, मी धुतलेली आहे!"

सगळ्या वळल्या. सगळ्या हसल्या. तोही हसला; त्या वळेपर्यंत त्याने हात काढले होते. ताईपण हसली.

त्यानंतर ती दुपारभर काडीबरोबर घड्या घालत राहिली. काडी काही बोलली नाही, पण चादर दोघींच्या हातात असते ना. एकीचा हात कापला तर दुसऱ्या टोकाला कळतं. काडी म्हणते, माझ्या आयुष्यात चादर अशी हलली नव्हती.

ताईने ऑफिसात जाऊन सांगितलं. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं, बसा म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण मावशी, तुम्ही तर थट्टेवारी नेलंत ना?" ताई उठली आणि तडक पोलिसात गेली. दाजी बरोबर गेले.

दाजी म्हणजे तिचा नवरा. नळाची कामं करतात. कमी बोलणारा माणूस. त्यांच्या धंद्यात एक रीत आहे, भिंत फोडून बघितल्याशिवाय गळती कुठे आहे ते बोलायचं नाही. घरमालक कितीही विचारो, हे म्हणणार, बघितल्यावर सांगतो. तर कोणी विचारलं, काय हो, खरं आहे का हे, की दाजी म्हणायचे, "कोर्टात दिलंय. कोर्ट काय ते ठरवेल." त्यांना वाटायचं आपण नीट बोलतोय.

आणि लोक विचारायचेच. तोंडावर नाही, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्यात. "या वयात? आणि हिला?" एक बाई तर म्हणाली, "आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, हिच्यात काय सोनं लागलंय?" दुसरी म्हणाली, "तिचं तोंड ऐकलंय ना? टाळी एका हाताने वाजते का?" मुलीचा फोन आला, "आई, माझ्या सासरी कळलं तर मी काय तोंड दाखवू?" ताई म्हणाली, "आहे तेच दाखव, माझ्यावर गेलंय, बरं आहे." आणि फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच परत.

तारखा पडत गेल्या. जज रजेवर, पुढची तारीख. त्याचा वकील आजारी, पुढची तारीख. सरकारी वकील बदलले, नवीन आलेले म्हणाले, कागद वाचायचेत, पुढची तारीख. दर वेळी रजा टाकायची, दर वेळी बाहेरच्या बाकावर बसायचं, आणि समोरच्या बाकावर तोच माणूस. दाजी डबा घेऊन शेजारी बसायचे. एकही तारीख त्यांनी चुकवली नाही, हे त्यांचं म्हणायलाच हवं. ताई एकदा म्हणाली, "मला त्याला तुरुंगात घालायचं नाही. कोणीतरी शहाण्या माणसाने एवढंच म्हणायला हवं की बाई, तू सांगतेस ते झालं होतं. बास. मग मी घरी जाऊन झोपते."

साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी बजावलं, "हसायचं नाही. विनोद तर अजिबात नाही. विचारतील तेवढंच सांगायचं." ताईने घरी सराव केला. आरशासमोर उभी राहून तोंड लांब करायची. दाजी प्रश्न विचारायचे, ती मान खाली घालून हो, नाही म्हणायची. आणि पिंजऱ्यात ती तशीच उभी राहिली. तिचा आवाज कोणी ओळखला नसता.

त्याचा वकील फार गोड बोलायचा. "बाई, तुमच्या कामावर तुम्हाला काय म्हणतात?"

"गादी."

कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"मीच."

"वा. आता बाईमाणसाने स्वतःला गादी म्हणवून घेतलं, तर पुरुषाने त्याचा काय अर्थ घ्यायचा?"

जज म्हणाले, पुढचा प्रश्न घ्या. पण विचारायचं ते विचारून झालं होतं.

"माझ्या अशिलाने तुम्हाला धरलं, असं तुम्ही म्हणता. तुम्ही ओरडलात?"

"नाही."

"मग काय केलंत?"

ताईने ते वाक्य सांगितलं. मळकी कापडं, धुतलेली, सगळं. मेलेल्या आवाजात सांगितलं, तरी टाईप करणारा माणूस मान वळवून हसला.

"लोक हसले?"

"हो."

"तुम्ही?"

"मी पण. पण साहेब, मला..."

"पण नको बाई. हसलात की नाही?"

"हसले."

काडीची साक्ष दुसऱ्या तारखेला. ताई हसली का, हसली. रडली का, नाही. पूर्ण पाळी काम केलं का, केलं. मग काडीने धीर केला आणि न विचारता बोलली, "साहेब, पण चादर हलत होती."

"काय हलत होती?"

"चादर. तिचा हात कापत होता, मला माझ्या हाताला कळलं."

वकील जजकडे बघून म्हणाला, "म्हणजे आता चादरीची साक्ष घ्यायची." मग काडीला विचारलं, "तिथे पंखे आहेत का?"

"आहेत. मोठे."

"चालू होते?"

"चालूच असतात."

"बसा."

आता सगळी खोली हसली. काडी खाली उतरताना पायरी चुकली आणि पडता पडता वाचली.

निकाल जजने भराभर वाचला. त्यात असं होतं की ज्या बाईवर असा प्रसंग येतो ती साधारणपणे थट्टा करत नाही, सर्वांसोबत हसत नाही, पुढे दिवसभर काम करत नाही. म्हणून संशयाला जागा आहे. त्याला सोडलं. तो बाहेर जाऊन वकिलाच्या पाया पडला. ताईने विचारलं, "म्हणजे काय ठरलं? झालं की नाही झालं?" सरकारी वकील कागद गोळा करत म्हणाले, "तसं नसतं हो ते. सिद्ध झालं नाही. वरच्या कोर्टात जाण्यात दम नाही, सोडा आता."

घरी आल्यावर जिन्यातच, कुलूप उघडायच्या आधी, ताईने दाजींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

दाजी म्हणाले, "जाऊ दे आता. कोर्टाने सगळं बघितलं ना?"

ताई म्हणाली, "हं."

तेवढंच. भांडण नाही, रडारड नाही. पण त्यानंतर त्या घरात विनोद झाला नाही. दाजी कधी मुद्दाम काही बोलायचे, तर ती "वाढू का?" विचारायची.

सुपरवायझरला दवाखान्यातच कोठीवर बसवलं, फिरत्या खुर्चीवर. साबण, सोडा आणायला बायकांना त्याच्याकडेच जावं लागायचं. ताईने घड्यांचं काम सोडलं आणि मळक्या कापडांच्या खोलीत बदली मागून घेतली. ते काम कोणी मागत नाही. तिथे एकटीने बसून ढीग निवडायचा असतो. काडी घरी आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मी खोटं नाही गं बोलले."

"खरंच बोललीस की," ताई म्हणाली. "मी पण खरंच बोलले. आत ये, उन्हात काय उभी आहेस."

पण ती आत आली आणि दोघींना बोलायला काही सापडेना. हातात चादर असती तर बरं झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात ताई गेली. सकाळच्या पाळीला, मळक्या कापडांच्या ढिगावर टेकून बसलेली सापडली. वाटलं डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले, हृदय. छातीत दुखत असणार आधीपासून, कोणाला बोलल्या नाहीत का? नव्हती बोलली.

घरी माणसं भेटायला आली. लाँड्रीतल्या बायका आल्या, जिन्यातल्या आल्या. ताईचे जुने किस्से निघाले, कवळीचा निघाला, लोक डोळे पुसत हसले. मग ती टाकीवरची बाई उसासा टाकून म्हणाली, "मनाला लावून घेतलं हो तिने ते प्रकरण. आता खरं काय, खोटं काय, देवाला माहीत."

दाजी कोपऱ्यात गुडघे धरून बसले होते. ते म्हणाले, "खरं होतं."

दाजी परत म्हणाले, जरा मोठ्याने, "खरं होतं ते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती घरी आली तेव्हापासून बडबडत होती, नुसते विनोद, थांबेचना. मला तेव्हाच कळलं, काहीतरी भयंकर झालंय."

काडी दाराशी बसली होती. तिने मान वर केली.

"मग दाजी, तिला का नाही सांगितलंत?"

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोर्टात होतं ना."

कोणीतरी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. त्यांनी तो घेतला, तसाच धरून ठेवला, आणि त्यांचा हात इतका कापायला लागला की चहा बशीत सांडला, बशीतून मांडीवर. काडीने उठून तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला.